ओळखीच्या चेहऱ्यातला अनोळखी माणूस

आमच्या लहानपणी रहस्यकथा ही उशीखाली ठेवून वाचायची गोष्ट होती. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड घरात सगळ्यांच्याच ओळखीचे होते, पण आपण ते वाचतो हे उघडपणे कुणी कबूल करत नसे. खून, विष, सुरे, पिस्तुलं यांत रमणारं पोर हातचं जाणार, अशी वडीलधाऱ्यांची खात्री होती. त्यामुळे कॉलेजात असताना एका मैत्रिणीने अगाथा ख्रिस्ती यांची 'द ए.बी.सी. मर्डर्स' हातात ठेवली, तेव्हा मी ती इतिहासाच्या वहीत लपवूनच घरी आणली. रात्री सगळे झोपल्यावर वाचायला घेतली आणि दूधवाल्याने सकाळी कडी वाजवली तेव्हा शेवटचं पान मिटलं.

त्यानंतर दोन दिवस मी घरातल्या आणि वाड्यातल्या माणसांकडे जरा निरखून पाहत होते, हे आजही आठवतं. भीती वाटत होती असं नव्हे. पण आपण ज्यांना पुरतं ओळखतो असं समजतो, त्यांच्या मनात खरोखर काय चाललेलं असतं, हा प्रश्न मला त्या पुस्तकाने पहिल्यांदा पाडला. पुढे अगाथाबाईंचं चरित्र वाचलं, त्यांचं आत्मचरित्र वाचलं आणि लक्षात आलं, की हा प्रश्न त्यांना वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षीच पडला होता. त्याचं उत्तर शोधण्यातच त्यांचं सगळं आयुष्य गेलं.

अगाथा मिलर हिचा जन्म 15 सप्टेंबर 1890 रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला, डेव्हन परगण्यातल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील फ्रेडरिक हे अमेरिकन, सुखवस्तू आणि आनंदी वृत्तीचे गृहस्थ. आई क्लारा मात्र वेगळ्या घडणीची, तीव्र भावनांची बाई. लहानपणी वडील वारल्यावर विधवा आईने मुलगे स्वतःजवळ ठेवले आणि नऊ वर्षांच्या क्लाराला सांभाळायला श्रीमंत मावशीकडे पाठवून दिलं. मुलीचं भलं व्हावं हाच आईचा हेतू असणार, पण मुलीने त्याचा अर्थ वेगळाच लावला. आपण नकोशा होतो, हा सल तिच्या मनातून कधी गेला नाही. एकाच कृतीचा देणाऱ्याच्या मनातला अर्थ एक आणि घेणाऱ्याच्या मनातला दुसरा असतो, हे अगाथाला असं घरातच पाहायला मिळालं.

मुलीला आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकवायचं नाही, असा क्लाराचा आग्रह होता. पोरगी पाच वर्षांची व्हायच्या आतच आपली आपण वाचायला शिकली. मोठी बहीण आणि भाऊ तिच्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी मोठे, त्यामुळे बागेतली झाडं आणि मनाने रचलेले सवंगडी यांच्यातच तिचा वेळ जाई. याच वयात तिला एक स्वप्न वारंवार पडू लागलं. त्यात जुन्या काळच्या गणवेशातला, हाती बंदूक घेतलेला एक माणूस असे. तो कुणाला मारत नसे, बंदूक रोखतही नसे. त्याचं नुसतं तिथे असणंच तिला किंचाळून उठवायला पुरेसं होतं. पुढे पुढे या स्वप्नाने जास्तच भयंकर रूप घेतलं. सगळे चहाला बसलेले असत, हसणं-बोलणं चाललेलं असे, आणि ती सहज आईकडे किंवा एखाद्या मैत्रिणीकडे पाही, तर त्या ओळखीच्या चेहऱ्यातून त्या माणसाचे फिकट निळे डोळे तिच्याकडे रोखून पाहत असत.

मला वाटतं, अगाथाबाईंच्या साऱ्या रहस्यकथांचं बीज या एका स्वप्नात आहे. परका माणूस कुलूप फोडून घरात शिरतो, ही भीती कुणालाही समजते. बाईंची भीती त्याहून खोल होती. त्यांच्या गोष्टींत तो आधीपासूनच घरात असतो, आपल्याच टेबलाशी बसून चहा पीत असतो.

अगाथा अकरा वर्षांची असताना वडील वारले. पैसा आटत गेला, तरी क्लाराने घर विकलं नाही. मुलीला पॅरिसला पाठवून गाणं आणि पियानो शिकवला. 1912 साली एका नृत्याच्या कार्यक्रमात तिची गाठ आर्चिबाल्ड ख्रिस्ती या देखण्या तरुण अधिकाऱ्याशी पडली. आर्चीचा जन्म आपल्याकडचा, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातला. त्याचे वडील इथल्या मुलकी सेवेत होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि 1914 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी दोघांनी घाईघाईने लग्न केलं. नवरा आघाडीवर गेला, नवरी टॉर्कीच्या रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा करू लागली आणि पुढे तिथल्याच औषधालयात काम करू लागली.

या औषधालयाने लेखिका घडवली. कोणतं द्रव्य किती घेतलं तर औषध आणि किती घेतलं तर विष, कशाला चव असते आणि कशाला नसते, हे सगळं त्या तिथे रीतसर शिकल्या आणि औषधशास्त्राची परीक्षाही उत्तीर्ण झाल्या. तिथेच त्यांना एक अनुभव आला. शिकण्यासाठी त्या गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे जात. गोल, गुलाबी चेहऱ्याचा, वरवर अगदी निरुपद्रवी माणूस. एके दिवशी त्याने खिशातून काळपट गोळा काढून दाखवला. तो क्युरारे या जहाल विषाचा तुकडा होता. तो नेहमी खिशात बाळगण्याचं त्याने सांगितलेलं कारण असं, की त्यामुळे आपण बलवान आहोत असं त्याला वाटे. बाईंनी हा माणूस मनात जपून ठेवला आणि सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, 1961 साली, 'द पेल हॉर्स' या कादंबरीत त्याला जागा दिली. पैसा, सूड, मत्सर ही खुनाची कारणं आपल्याला कळतात. पण आपल्या हातात कुणाचा तरी जीव आहे या नुसत्या जाणिवेचीही काही माणसांना नशा चढते, हे त्या औषधाच्या दुकानात त्यांना उमगलं होतं.

पहिली कादंबरी त्यांनी 1916 साली लिहिली. टॉर्कीत आलेले बेल्जियन निर्वासित पाहून त्यांना आपला गुप्तहेर सुचला. अंड्याच्या आकाराचं डोकं, मेण लावलेल्या मिशा आणि टापटिपीचं वेड असलेला हर्क्यूल पॉयरो तो हाच. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. 1920 साली ते छापून आलं तेव्हा त्यातून बाईंना मिळाले अवघे पंचवीस पौंड. पण कादंबरीतली विषाची माहिती अचूक असल्याबद्दल औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकाने जी शाबासकी दिली, तिचं त्यांना जन्मभर अप्रूप वाटत राहिलं. 1919 साली मुलगी झाली, पुस्तकं खपू लागली, मोटार आली. नव्या घराला पहिल्या कादंबरीतल्या वाड्याचं, 'स्टाइल्स' असं नाव दिलं गेलं. सगळं कसं दृष्ट लागण्याजोगं चाललं होतं.

मग आलं 1926 साल. एप्रिलमध्ये आई गेली. दुःखाने खचलेल्या अगाथाबाई टॉर्कीच्या जुन्या घरातलं सामान आवरत एकट्या पडल्या होत्या. नवऱ्याला आजार, मृत्यू, रडणं यांचा तिटकारा होता, तो लंडनलाच राहिला. ऑगस्टमध्ये तो आला आणि आपलं दुसऱ्या एका तरुणीवर प्रेम आहे, आपल्याला घटस्फोट हवा आहे, असं त्याने सांगून टाकलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. बाईंना त्या दिवशी बारा वर्षांच्या सोबत्याच्या चेहऱ्यात लहानपणीच्या स्वप्नातले ते फिकट डोळे दिसले असले पाहिजेत. हा माझा निव्वळ तर्क नव्हे. 1934 साली मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने त्यांनी 'अनफिनिश्ड पोर्ट्रेट' ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या नायिकेला बालपणी तोच बंदूकवाला छळतो आणि संसार मोडतो तेव्हा नवऱ्याच्या जागी तिला तोच दिसू लागतो.

3 डिसेंबर 1926 च्या रात्री बाई मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरे परगण्यातल्या न्यूलँड्स कॉर्नर या ठिकाणी, उताराखाली ती मोटार रिकामी सापडली. आत त्यांचा फरचा कोट तसाच होता. सगळ्या इंग्लंडभर खळबळ उडाली. पोलिसांच्या जोडीला हजारो माणसं रानं, तळी तुडवू लागली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी बाईंचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीच्या माणसाकडे नेला. नवऱ्याने बायकोचा काटा काढला, असंही लोक कुजबुजू लागले. अकरा दिवसांनी, 14 डिसेंबरला, बाई दूर उत्तरेकडे हॅरोगेट इथल्या एका हॉटेलात सुखरूप सापडल्या. तिथे त्यांनी स्वतःला दक्षिण आफ्रिकेतून आलेली पाहुणी म्हणवून घेतलं होतं आणि आडनाव लावलं होतं नवऱ्याच्या प्रेयसीचं!

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हटलं, वर्तमानपत्रांनी प्रसिद्धीचा डाव म्हटलं, कुणी नवऱ्यावर उगवलेला सूड म्हटलं. बाई मात्र या अकरा दिवसांविषयी गप्प राहिल्या. आत्मचरित्रातही त्यांनी ती पानं लिहिली नाहीत. जगाला शेकडो कोडी घालून ती शेवटच्या प्रकरणात नेमाने उलगडून दाखवणाऱ्या बाईंनी स्वतःचं कोडं तेवढं सोडवू दिलं नाही. मला या मौनाचा आदर वाटतो. बायको नाहीशी झाली म्हणजे नवऱ्याने मारली असेल किंवा बाईनेच नाटक केलं असेल, असे दोनच हेतू लोकांना सुचले. एखादं माणूस दुःखाने असं मोडून पडू शकतं, की त्याला स्वतःचं नावसुद्धा नकोसं होतं, हा तिसरा हेतू फार थोड्यांच्या लक्षात आला.

1928 साली घटस्फोट झाला. पदरात मुलगी, हाती पैसा नाही. पुस्तक लिहायची इच्छा नसताना, लिहिलेलं आवडत नसतानाही रोज बसून लिहायचं, हे त्या याच काळात शिकल्या आणि हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका झाली. त्याच वर्षी हिय्या करून त्या ओरिएंट एक्सप्रेसने एकट्याच बगदादकडे निघाल्या. ऊर इथल्या उत्खननाच्या जागी पुढच्या खेपेला त्यांना मॅक्स मॅलोवन हे तरुण पुरातत्त्वज्ञ भेटले. मॅक्स त्यांच्याहून जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. सप्टेंबर 1930 मध्ये दोघांचं लग्न झालं आणि ते शेवटपर्यंत सुखाचं टिकलं. पुढची कितीतरी वर्षं बाई इराक आणि सीरियातल्या तंबूंत राहून उत्खननात सापडलेल्या वस्तू साफ करत, फोटो काढत आणि उरलेल्या वेळात खून रचत.

या स्थिरावलेल्या दिवसांत, 1936 साली, 'द ए.बी.सी. मर्डर्स' आली. ओळीने खून करत सुटणाऱ्या माणसासाठी आज सर्रास वापरला जाणारा 'सीरियल किलर' हा शब्द तेव्हा रूढही नव्हता. कादंबरीत पॉयरोला आव्हान देणारं पत्र येतं, अमुक तारखेला अमुक गावावर नजर ठेवा म्हणून. अँडोव्हर गावी ॲशर नावाच्या म्हाताऱ्या दुकानदारणीचा खून होतो. मग बेक्सहिल गावी बार्नार्ड नावाची मुलगी, मग चर्स्टन गावी क्लार्क नावाचे सरदार. गावांची आणि माणसांची आद्याक्षरं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने पुढे सरकतात आणि प्रत्येक प्रेताजवळ रेल्वेचं 'ए.बी.सी.' वेळापत्रक ठेवलेलं असतं. सगळा देश त्या वेड्याला शोधू लागतो.

मधल्या काही प्रकरणांत आपली गाठ कस्ट नावाच्या माणसाशी पडते. हा दारोदार फिरून मोजे विकणारा, युद्धात डोक्याला मार बसलेला, फिट्स येणारा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला गरीब इसम. खुनांच्या दिवशी तो नेमका त्या त्या गावी असतो. संशयाची सुई त्याच्याकडे वळते. एवढंच नाही, तर आपणच खून केले असावेत असं त्याला स्वतःलाही वाटू लागतं. शेवट सांगण्याचं पाप मी करणार नाही. एवढंच सांगते, की सगळे जेव्हा खुनी कोण म्हणून धावत असतात, तेव्हा पॉयरो एका जागी बसून विचारत राहतो, की हे सगळं कशासाठी? पत्रं पोलिसांना न येता मलाच का येतात? एका पत्रावरचा पत्ता चुकला आणि ते उशिरा पोचलं, ती खरोखर चूकच होती का?

त्या रात्री मला जे हलवून गेलं ते रहस्य नव्हतं, तो कस्ट होता. विचित्र दिसणाऱ्या, एकट्या, आजारी माणसावर गुन्हा किती सहज चिकटतो! आणि नीटनेटक्या, चारचौघांत वावरणाऱ्या, हसतमुख माणसाविषयी शंका घ्यायला आपण किती कचरतो! दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही आपल्याकडची म्हण बाईंना ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ही कादंबरी म्हणजे तिचा विस्तारच आहे. अगाथाबाई खुन्यांचं कौतुक करत नाहीत. गुन्हेगाराच्या मनापेक्षा त्यांना निरपराध माणसाची काळजी जास्त होती, हे त्यांनी आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं आहे. खरा गुन्हेगार सापडेपर्यंत घरातला प्रत्येक जण संशयाखाली जगतो, आणि रहस्य उलगडतं तेव्हा सुटका होते ती त्यांची.

बाईंच्या गोष्टी म्हणजे नुसते बुद्धिबळाचे डाव, त्यांत रक्तामांसाची माणसं नसतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पात्रं ठोकळेबाज असतात, हे बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत खरं आहे. पण 'द माउसट्रॅप' या नाटकाची जन्मकथा पाहा. 1945 साली इंग्लंडमधल्या एका शेतावर सांभाळायला दिलेला बारा वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मेला. सगळा देश हादरला, चौकशी झाली, 1948 साली मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला. बाईंनी ते प्रकरण मनात धरून 1947 साली एक नभोनाट्य लिहिलं, आणि त्याचंच पुढे हे नाटक झालं. 25 नोव्हेंबर 1952 रोजी ते लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि मार्च 2020 मध्ये करोनाने पडदा पाडेपर्यंत अखंड चालू राहिलं, 2021 साली पुन्हा सुरू झालं. विश्रांतीच्या वेळी आइस्क्रीम खाणाऱ्या प्रेक्षकांना कल्पनाही नसते, की या गमतीच्या मुळाशी एका पोराचं न ऐकलेलं रडणं आहे.

आपल्या मुंबईच्या चित्रसृष्टीनेही बाईंना सोडलं नाही. एका बेटावर अडकलेल्या दहा जणांच्या गोष्टीवरून 1965 साली 'गुमनाम' निघाला आणि 'द अनएक्स्पेक्टेड गेस्ट' या नाटकावरून 1973 साली बी. आर. चोप्रांचा 'धुंद'. सहासष्ट रहस्यकादंबऱ्या, चौदा कथासंग्रह, नाटकं, टोपणनावाने सहा कादंबऱ्या एवढा पसारा मागे ठेवून, 12 जानेवारी 1976 रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, अगाथाबाई आपल्या घरी शांतपणे गेल्या.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्याच वर्षी, 1977 साली, कतारहून एका दीड वर्षाच्या मुलीला लंडनच्या रुग्णालयात आणलं गेलं. पोर शुद्ध हरपत चालली होती आणि नामांकित डॉक्टरांना आजार ओळखता येत नव्हता. तिची देखभाल करणारी परिचारिका त्या दिवसांत 'द पेल हॉर्स' वाचत होती. त्या कादंबरीत थॅलियम या विषाने माणसाचे केस गळतात, एवढा तपशील होता. मुलीचेही केस गळत होते. परिचारिकेने धीर करून डॉक्टरांना सांगितलं, तपासणी झाली आणि थॅलियमच निघालं. घरात झुरळं-उंदीर मारायला ठेवलेलं औषध पोरीच्या पोटात गेलं होतं. उपचार मिळाले आणि मुलगी सुधारली.

क्युरारे खिशात बाळगून स्वतःला बलवान समजणारा तो औषधविक्रेता, त्याला विसरू न शकलेली तरुण अगाथा, आणि तिने म्हातारपणी लिहिलेल्या पुस्तकाने वाचवलेलं ते पोर. हे सगळं आठवलं की खुनाच्या गोष्टींनी मुलं बिघडतात म्हणणारे आमचे वडीलधारे डोळ्यांपुढे येतात. मागच्या सुट्टीत माझ्या नातीने कपाटातली ती जुनी 'ए.बी.सी. मर्डर्स' मागितली. पानं पिवळी पडली आहेत, पुठ्ठा सुटला आहे. मी ती तिच्या हातात दिली. उशीखाली लपवायची गरज नाही म्हटलं, फक्त शेवटचं पान आधी उघडू नकोस. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती माझ्याकडे निरखून पाहत होती.